जुन्या दस्तावरून बंगल्याची आजची किंमत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत काही आठवड्यांपूर्वी घराची आजची किंमत घरच्या घरी काढण्याची एक सोपी रीत छापून आली होती. जुन्या दस्तातली किंमत घ्यावी, तीवर वर्षाला काही ठरावीक टक्के वाढ धरावी आणि चक्रवाढीने आजपर्यंत यावे, अशी ती रीत. फ्लॅटच्या बाबतीत ती काही अंशी चालूनही जाईल. परंतु वडोदऱ्यात आपण ज्याला टेनामेंट किंवा बंगला म्हणतो, म्हणजे स्वतःच्या जमिनीवरचे सुटे घर, त्याला ही रीत लावली की काय होते याचा अनुभव आमचे कुटुंब गेल्या दिवाळीपासून घेत आहे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. मी एका बँकेच्या कर्ज विभागात २६ वर्षे काम करून निवृत्त झाले. मूल्यांकनाचे अहवाल लिहिणे हे माझे काम नव्हते, ते वाचून त्यांत खोट शोधणे हे होते.

कारेलीबागेतले आमचे घर वडिलांनी १९९४ मध्ये ५ लाखांना घेतले. वडिलांच्या पश्चात आम्ही तीन भावंडे वारस आहोत. धाकटा भाऊ त्याच घरात राहतो आणि त्याला ते ठेवायचे आहे, थोरले बंधू पुण्यात स्थायिक आहेत आणि त्यांना वाटा रोख हवा आहे, मी या दोघांच्या मध्ये. २०२४ च्या दिवाळीत तिघांनी वरच्याच रीतीने हिशेब मांडले. धाकट्याने ८ टक्के धरले, त्याचे ३० वर्षांत ५० लाख झाले. मी १० टक्के धरले, माझे ८७ लाख झाले. थोरल्यांनी १२ टक्के धरले, त्यांचे जवळजवळ दीड कोटी झाले. तिघांचेही गणित बरोबर होते. टक्क्यांत फरक दोन-दोनाचा आणि शेवटच्या आकड्यांत तिपटीचा. ज्याला घर ठेवायचे त्याचा दर कमी आणि ज्याला पैसे घ्यायचे त्याचा दर जास्त, हे बँकेत असताना मी परक्यांच्या बाबतीत शेकडो वेळा पाहिले होते, ते आपल्याच दिवाणखान्यात पाहणे वेगळे.

दराचा वाद बाजूला ठेवला तरी मूळचा आकडा तरी खरा होता का? वडिलांच्या वहीत ५ लाख आहेत, दस्तावर ३ लाख २० हजार. तो काळच तसा होता, असे म्हणून मी वडिलांचे समर्थन करणार नाही, पण जुन्या दस्तावरून हिशेब करणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा ओलांडावाच लागतो. दस्ताचा आकडा धरून १० टक्क्यांनी पुढे आले तर ८७ लाखांचे ५६ लाखच होतात.

जंत्रीने, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भागवार मालमत्ता-दरांच्या तक्त्याने, या घोटाळ्यात भर घातली आहे. गुजरातेत २०११ मध्ये ठरलेले जंत्रीचे दर १२ वर्षे तसेच राहिले आणि १५ एप्रिल २०२३ पासून जमिनीचे दर एकदम दुप्पट करण्यात आले. पुढे २० नोव्हेंबर २०२४ रोजी नव्या दरांचा मसुदा प्रसिद्ध होऊन त्यावर हरकती मागवण्यात आल्या. मधल्या १२ वर्षांत ज्यांना दस्तावर किंमत कमी दाखवायची होती त्यांना जुनी जंत्री सोयीची होती, कारण मुद्रांक शुल्क जंत्री आणि दस्त यांतल्या मोठ्या रकमेवर लागते आणि १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ५० सी हेही जंत्रीच्याच आधाराने चाले; जंत्री दस्ताच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर असेल तरच विकणाऱ्याच्या भांडवली नफ्याचा हिशेब जंत्रीप्रमाणे होतो. आता जंत्री दुप्पट झाल्यावर दस्तावरचे आकडे वर सरकले. म्हणून २०२१ चा एक दस्त आणि २०२४ चा एक दस्त शेजारी ठेवून कोणी ‘तीन वर्षांत भाव किती वाढला पाहा’ म्हणत असेल, तर त्या वाढीतला काही भाग बाजाराचा असतो आणि काही नुसता कागदाचा.

मग कोणते दस्त विश्वासाने घ्यावेत? माझे बँकेतले उत्तर ठरलेले होते आणि आजही तेच आहे. ज्या खरेदीत घेणाऱ्याने बँकेचे कर्ज काढले आहे तिच्या दस्तावरची किंमत खऱ्याच्या बरीच जवळ असते, कारण कर्ज कागदावरच्या रकमेच्या प्रमाणात मिळते आणि घेणाऱ्यालाच ती रक्कम कमी दाखवणे परवडत नाही. इंडेक्स-२ ची, म्हणजे दस्ताच्या नोंदीच्या उताऱ्याची, नक्कल काढताना त्याच मालमत्तेवर बँकेचा बोजा नोंदलेला आहे का हे पाहिले, तर निम्मे संशयास्पद दस्त आपोआप गळून पडतात. तोंडी सांगितलेल्या किमतीबाबत मात्र एक विचारून घ्यावे. ‘घर आम्हाला इतक्याला पडले’ असे म्हणणारा माणूस पुष्कळदा ४.९ टक्के मुद्रांक शुल्क, १ टक्का नोंदणी शुल्क आणि दलाली धरून बोलत असतो. विकणाऱ्याच्या हाती पडलेली किंमत त्याहून सहा-सात टक्क्यांनी कमी असते.

आता मुख्य मुद्दा. सुट्या घराची किंमत ही दोन वस्तूंच्या किमतींची बेरीज असते आणि त्या दोन वस्तू काळाबरोबर उलट्या दिशांनी जातात. जमीन जुनी होत नाही. बांधकाम होते. आरसीसी घराचे आयुष्य ७० वर्षे आणि शेवटी भंगाराची किंमत १० टक्के धरली, तर बांधकाम दर वर्षी सव्वा टक्क्याहून किंचित जास्त झिजते. जुन्या किमतीला एकच टक्का लावणारा माणूस जमिनीबरोबर गळक्या गच्चीलाही चक्रवाढ व्याज देत असतो.

म्हणून मी जुन्या विक्रीच्या किमती पुढे आणण्याआधी फोडून घेतल्या. आमच्याच परिसरातल्या, कर्ज काढून झालेल्या तीन विक्री मिळाल्या. पहिली २०१७ च्या जुलैतली: २०० वारांचा (चौरस यार्डांचा) प्लॉट, १९८८ मध्ये बांधलेले १,००० चौरस फूट घर, किंमत ६२ लाख. त्या वेळी तसे घर नव्याने बांधायला फुटाला १,२५० रुपये धरले तर साडेबारा लाख होतात, २९ वर्षांची झीज काढून ७ लाख ८४ हजार उरतात, म्हणजे जमिनीचे ५४ लाख १६ हजार आणि वाराला २७,०८० रुपये. दुसरी २०२१ मधली: २१० वार, १९९० चे १,४०० चौरस फूट, किंमत ९६ लाख. बांधकाम १,५०० रुपयांनी मोजून झीज काढली की जमीन वाराला ३९,७०० निघते. तिसरी जानेवारी २०२४ मधली: २६० वार, २००६ चे १,८०० चौरस फूट, किंमत १ कोटी ३५ लाख. बांधकामाचा दर १,८०० धरून जमीन वाराला ४२,३०० पडते; पण तो प्लॉट कोपऱ्यावरचा आणि रुंद रस्त्यावरचा आहे, आमचा आतल्या गल्लीतला. रस्ता रुंद असेल तर पुढे उंच बांधता येते आणि घेणारा त्याचे पैसे मोजतो, म्हणून त्यातून १० टक्के कमी केले, तेव्हा ३८,१०० राहिले. हे १० टक्के माझ्या अंदाजाचे आहेत, कोणी ८ म्हणेल, कोणी १५.

हे आकडे मांडल्यावर मला दिसले की २०२१ चा दर २०२४ च्या दरापेक्षाही वर आहे. बाजार तर मधल्या काळात पडला नव्हता. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला: २०२१ मध्ये ते घर घेणारे गृहस्थ लगतच्याच घराचे मालक होते आणि त्यांना दोन्ही प्लॉट एक करायचे होते. शेजारचा प्लॉट आयुष्यात एकदाच विक्रीला निघतो, त्यामुळे शेजारी जी किंमत देतो ती तिसरा माणूस देत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या विक्रीमधल्या चालीने २०२१ चा दर ३३,४०० च्या आसपास यायला हवा होता. त्या गृहस्थांनी सुमारे १९ टक्के जास्त मोजले. ती विक्री खरी, दस्त खरा, रक्कमही खरी, आणि तरीही आमच्या हिशेबाला ती निरुपयोगी. असाच प्रकार भावाभावांतल्या खरेदीत आणि कर्जवसुलीच्या लिलावात उलट्या बाजूने होतो. अशांत धारा, म्हणजे दंगलग्रस्त भागांतल्या मालमत्ता-विक्रीवर बंधने घालणारा कायदा, लागू असलेल्या भागांत तर विक्रीला कलेक्टरांची परवानगी लागते, घेणारे मोजके उरतात, आणि तिथला दर शेजारच्या भागाला लावून चालत नाही.

उरलेल्या दोन विक्रींवरून साडेसहा वर्षांत जमिनीची वाढ सालीना ५.४ टक्के निघाली. थोरल्या बंधूंनी लगेच विचारले की मग १९९४ पासूनची वाढ इतकी कशी? तेही करून पाहिले. वडिलांच्या वहीप्रमाणे तेव्हा साधे बांधकाम फुटाला २७५ रुपयांत होत असे. आमच्या १९८६ च्या ९०० चौरस फूट घराचे झीज काढून २ लाख २२ हजार झाले, जमिनीचे २ लाख ७८ हजार उरले आणि २४० वारांनी भागल्यावर वाराला १,१५८ रुपये आले. तिथून २०१७ च्या २७,०८० पर्यंतची वाढ वर्षाला साडेचौदा-पंधरा टक्क्यांची आहे. पहिली २३ वर्षे पंधरा टक्क्यांच्या घरात, नंतरची सहा-सात वर्षे जेमतेम साडेपाच. ज्या गृहस्थाने २०१७ मध्ये घर घेतले त्याला पूर्वीच्या तीस वर्षांचा सरासरी दर सांगणे म्हणजे त्याला न मिळालेल्या वाढीचा हिशेब सांगणे होय. म्हणून जुनी विक्री जितकी जवळची तितकी चांगली, आणि तीस वर्षांपूर्वीची आपली स्वतःची खरेदी ही आजच्या किमतीचा सर्वांत दुबळा पुरावा.

थोरल्या बंधूंनी मग ‘सरकारी निर्देशांक’ आणला. तो निघाला आयकराचा महागाई निर्देशांक, २००१-०२ साठी १०० आणि २०२४-२५ साठी ३६३. हा आकडा घरांच्या किमतीवरून काढलेलाच नसतो. शहरी ग्राहक किंमत निर्देशांकातल्या सरासरी वाढीच्या ७५ टक्के वाढ धरून तो ठरतो, म्हणजे त्यात भाजीपाल्याचे आणि कपड्यांचेही भाव आहेत. करासाठी त्याचा उपयोग अजूनही आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या विक्रीवर निवासी व्यक्तीला निर्देशांकाशिवाय साडेबारा टक्के किंवा निर्देशांकासह २० टक्के, यांतला कमी पडणारा कर भरता येतो. आमच्यासारख्या २००१ पूर्वीच्या खरेदीत १ एप्रिल २००१ ची बाजारभावाने होणारी किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, फक्त ती त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. हे सगळे कराचे गणित झाले. उद्या घेणारा दारात उभा राहून काय देईल याच्याशी त्याचा संबंध नाही.

घरांच्या किमतींचे खरे निर्देशांकही आहेत. राष्ट्रीय आवास बँकेचा रेसिडेक्स २००७ पासून निघतो आणि त्यात वडोदरा आहे. पण त्यातले गट घराच्या चटईक्षेत्रावर आहेत. कारेलीबागेतल्या २४० वारांच्या प्लॉटवर जुने बैठे घर असेल तर त्याचे मूल्य चटईत नसून अंगणात असते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांकाच्या मूळच्या १० शहरांत अहमदाबाद होते, आपले शहर नव्हते. अमेरिकेत एकच घर दोनदा विकले गेले तर त्या दोन किमतींची तुलना करून निर्देशांक बांधण्याची पद्धत १९६३ मध्ये मांडली गेली आणि पुढे कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांच्या नावाने ती रूढ झाली. तिची अट अशी की मधल्या काळात घर बदललेले नसावे. आमच्या गल्लीत १९९४ पासून मजला न चढवलेले, पोर्च बंद न केलेले किंवा पाठीमागे खोली न काढलेले घर मला शोधूनही सापडले नाही.

आमच्याही घरावर २००४ मध्ये ४०० चौरस फुटांची खोली चढली, आणि तिची रजाचिठ्ठी (पालिकेची बांधकाम परवानगी) नाही. खोली वापरात आहे, घेणारा ती पाहून खूशही होईल, पण त्याची बँक ती मूल्यात धरेलच असे नाही. मी ती निम्म्या किमतीत धरली. धाकट्या भावाला ती पूर्ण वगळायची होती, जरी तो झोपतो तिथेच.

एक चूक मात्र आम्ही तिघांनी मिळून केली, ती इथे कबूल करते. दस्तात प्लॉट २०० म्हणून लिहिला आहे आणि आम्ही तो २०० वार समजलो. दस्त चौरस मीटरमध्ये होता. २०० चौरस मीटर म्हणजे २३९ वार, आणि पूर्ण मोजणीने आमचे २४०. दर वाराचा आणि माप मीटरचे, या एका गोंधळात ४०,००० च्या दराने १६ लाख रुपये हिशेबातून नाहीसे झाले होते. ज्या भागांत टीपी स्कीम (प्लॉटांची फेरआखणी करणारी नगररचना योजना) लागली आहे तिथे तर जुन्या दस्तावरचे क्षेत्र आणि अंतिम प्लॉटचे क्षेत्र यांतच फरक असतो, आणि तिथे दस्तापेक्षा अंतिम प्लॉटच्या कागदावर विसंबावे लागते.

शेवटी राहते पाणी. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या खालच्या खोल्यांत कमरेखाली पाणी होते. २०१९ च्या ३१ जुलैला, एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस झाला तेव्हा, ते अंगणातच थांबले होते. माझ्या हातातल्या दोन्ही उपयोगी विक्री या पुराच्या आधीच्या आहेत. पुरानंतर आमच्या गल्लीत एकही व्यवहार पूर्ण झालेला नाही. एक बानाखतापर्यंत (विक्रीच्या करारापर्यंत) गेला आणि मोडला. जुन्या विक्रींच्या किमती मधल्या अशा घटनेच्या पलीकडे सरळ रेषेत नेता येत नाहीत, आणि वजावट किती करावी हे सांगणारी विक्री अजून झालेलीच नाही. बैठ्या घराला वजावट जास्त, मजला असलेल्याला कमी, पाया उंच असेल तर आणखी कमी, इतके समजते. आकडा समजत नाही.

या सगळ्यानंतर २०२५ च्या जूनसाठी माझा हिशेब असा आला: जमीन वाराला ४१,००० प्रमाणे ९८ लाख ४० हजार, ३९ वर्षांचे खालचे बांधकाम साडेआठ लाख, वरची खोली पावणेतीन लाख, पुराची वजावट धरली किंवा सोडली त्याप्रमाणे एकूण ९५ लाख ते १ कोटी १० लाख. थोरल्यांना हे दोन टोकांचे उत्तर पसंत नाही, त्यांना एक आकडा हवा आहे. पण तीन विक्री, त्यांतली एक बाद आणि उरलेल्या दोन पुराआधीच्या, एवढ्या पुराव्यावर हजारांपर्यंतचा एकच आकडा देणारा माणूस, मग तो नोंदणीकृत मूल्यांकक असो वा दलाल, आपल्याकडे नसलेली माहिती असल्याचा आव आणतो. आता आम्ही दोन स्वतंत्र मूल्यांककांना बोलावले आहे आणि त्यांना एकमेकांचे अहवाल न दाखवण्याचे ठरवले आहे.

आपल्या पुरवणीबद्दल एक विनंती. तिच्यात दर आठवड्याला भागवार ‘चालू भाव’ छापून येतात. तो भाव मागितलेला आहे की दस्तावरचा, वाराचा की चौरस फुटाचा, मोकळ्या जमिनीचा की बांधकामासह, हे चार शब्द त्या चौकटीखाली छापले जावेत. मागच्या अंकात आमच्या भागाचा जो आकडा होता तो मी तीन मापांत बसवून पाहिला. तिन्ही मापांत तो कोणत्या ना कोणत्या घराला लागू पडत होता.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
मांजलपूर, वडोदरा